रेठरेकरसाहेबांचे बूट

घाटातल्या नव्या रस्त्याचा भराव रोलरनं पक्का दाबून झाला होता. तेवढ्यात मुख्य इंजिनीयर रेठरेकरसाहेब तपासणीला आले आणि मुरुमावर बूट आपटून म्हणाले, "इथं हातभर उंचवटा आहे. खरवडून काढा!"

सर्व्हेयर शमा तांबोळी पुढे झाली. जीपीएसनं जागोजागची उंची घेऊन कॉम्प्युटरवर या भरावाचं मॉडेल तिनंच केलं होतं. त्यानुसार साहेब उभे होते तीच जागा सगळ्यांत खोल होती. तिथंच खाली ओढ्याचं पाणी रस्त्याखालून नेणारा मोरीचा पाइप होता. हातभर खरवडलं असतं, तर तो उघडा पडला असता.

"साहेब, बाजूचा डोंगर तिरका आहे, त्यानं डोळा फसतो. मशीन ही जागा खोलगट दाखवतंय."

"तुझं मशीन कालचं! मला तीस वर्षांचा अनुभव आहे. ऐकायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

मुकादमानं तोंडात तंबाखू टाकली, रोलरवाला रोलरवरून खाली उतरला.

"बरं साहेब. फक्त जागचे हलू नका."

वीस पावलांवर, साहेबांच्या मते उताराला, मुरुमावर मारायच्या पाण्याचा टँकर उभा होता. शमानं त्याचा नळ सोडला. पाणी जरा घुटमळलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो 'चढ' चढत थेट साहेबांकडे धावलं. बूट घोट्यापर्यंत बुडाले. मुकादमाच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली.

"हे... हे कसं झालं?" साहेब एक पाय वर उचलत म्हणाले.

"मशीन कालचंच आहे, साहेब," शमा म्हणाली. "म्हणून तीस वर्षांहून जास्त अनुभव असलेल्याला विचारलं."