तरंगती कढी

‘ध्रुव-सात’ या जुन्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळात त्या दिवशी उभी फूट पडली. बुरशी चढलेल्या टेपा वाचवायच्या होत्या, पण सगळ्यांपुरते पैसे नव्हते. मग ‘यानातली पंगत’ हा विनोदी भाग ठेवायचा की टाकायचा? नऊ हात ठेवण्याच्या बाजूने, नऊ विरुद्ध. निर्णायक मत अध्यक्ष प्राध्यापक दाबक्यांचं.

“ज्यात विज्ञान नाही तो भाग बाद, हा आपला नियम,” दाबके कडाडले. “कढी द्रोणातून उडते काय, पाहुणे तोंड उघडून तिच्यामागे धावतात काय! निव्वळ पोरखेळ!”

त्या भागात आचारी झाले होते ते सभासद मृणालिनीबाईंचे दिवंगत यजमान. त्यांचा आवाज आता त्या टेपेतच उरला होता. त्या सावकाश उठल्या.

“सर, एवढं समजावून सांगा. यानात कढी तरंगते कशी?”

दाबके खुलले. यानाची प्रदक्षिणा, वजनरहित अवस्था, थेंबाचा गोल आकार. दहा मिनिटांत त्यांनी अख्खा फळा भरला.

“कळलं ना, बाई?”

“कळलं. आता यात विज्ञान नाही, एवढंच त्याखाली लिहा सर, आणि सही करा.”

दाबक्यांनी फळ्याकडे पाहिलं. मग खडू ठेवला आणि भाग ठेवण्यासाठी दहावा हात वर केला.