पडली तर खाली कोण?

एकदा एका शहरात एक वयोवृद्ध अभियंते राहत होते. इमारतींची मजबुती तपासून तसा दाखला देणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. हुशार होता, कामात चोख होता, आणि नुकताच स्वतःच्या सहीचा परवाना हाती आलेल्या माणसाला असते तेवढी घाईही त्याला होती. या दोघांची नावे मी सांगत नाही, कारण नावांवाचून गोष्टीचे काही अडत नाही. एका माणसाचे नाव मात्र सांगणार आहे आणि ते तुम्ही लक्षात ठेवावे एवढीच विनंती आहे. त्याचे नाव निवृत्ती खैरे. त्याच शहरातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे तो ड्रायव्हर होता.

व्यापाऱ्याने दुसरी गाडी घेतली. बंगल्याच्या पार्किंगमध्ये जागा एकाच गाडीची. दुसरी रस्त्यावर उभी केली की कुणीतरी तिला ओरखडा काढून जाई आणि व्यापारी दिवसभर त्याच एका विषयावर बोलत राही. मग त्याला कळले की घरच्या पार्किंगमध्येही गाडीची लिफ्ट बसवता येते. चार लोखंडी खांब, मध्ये एक फलाट. बटण दाबले की एक गाडी वर जाते आणि तिच्या खाली दुसरी उभी राहते. विकणाऱ्याची माणसे आली, त्यांनी फरशी फोडून बोल्ट आवळले आणि लिफ्ट उभी करून गेली.

आता तुम्ही विचाराल, परवानगीचे काय? तर ती घेतली नव्हती. जागा माझी, गाडी माझी, लिफ्ट माझ्या पैशाची, यात महापालिकेचा संबंध काय, असे व्यापाऱ्याचे म्हणणे. घराच्या विम्याचे नूतनीकरणही त्याच सुमारास झाले. घरात काही फेरबदल केला आहे का, असे प्रतिनिधीने फोनवर विचारले, आणि व्यापारी 'काही नाही' म्हणून मोकळा झाला. खोटे बोलायचे म्हणून नव्हे हो. भिंत पाडली तर तो फेरबदल, एवढेच आपण सगळे समजतो. लिफ्ट त्याच्या लेखी फ्रिजसारखी होती. आणली, ठेवली, सुरू केली.

मुहूर्त मात्र त्याने नीट विचारून काढला. पूजा ठरली, पाहुण्यांना निरोप गेले. कुणा मित्राने सुचवले की एखाद्या अभियंत्याचा दाखला तेवढा घेऊन ठेव, उद्या कुणी हटकले तर दाखवायला बरा. म्हणून वृद्ध अभियंत्यांनाही पूजेचे आमंत्रण गेले. ते शिष्याला घेऊन आले.

पार्किंगमध्ये सगळे घर जमले होते. व्यापारी, त्याची पत्नी, म्हातारी आई, स्वयंपाकाच्या बाई, माळी, सगळेच. निवृत्तीने दोन्ही गाड्या पुसून लख्ख केल्या होत्या, हार घातले होते आणि कपाळाला कुंकू लावून तो एका खांबापाशी उभा होता. एक गाडी वर चढवून ठेवली होती. गुरुजींनी खूण केली, व्यापाऱ्याने वाढवायला नारळ उचलला, आणि तेवढ्यात वृद्धांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले,

“ही वरची गाडी पडली, तर खाली कोण असेल?”

आपल्याकडे समजूत आहे की घरात जे बोलाल त्याला वास्तू तथास्तु म्हणते. तेव्हा पूजेच्या घटकेला असले काही तोंडातून काढणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. व्यापाऱ्याची पत्नी काहीतरी बोलायला पुढे झाली. “अहो, पण मागच्या त्या खांबाखाली…” एवढेच तिच्या तोंडून निघाले. सासूबाईंनी डोळे वटारले आणि तिने जीभ चावली. गुरुजी पोथीत पाहू लागले. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

“काका,” तो म्हणाला, “आजच्या दिवशी तरी शुभ बोला.”

वृद्धांनी तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारला. कुणी उत्तर दिले नाही. मग ते उठले आणि तीर्थप्रसाद न घेता फाटकाबाहेर निघून गेले. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चार लोकांत असे वागतात का? माणूस विद्वान खरा, पण वय झाले की तोल जातो, असे त्याच्या मनात आले. तो मागे थांबला, सगळ्यांची समजूत काढली, प्रसाद घेतला, आणि दाखल्याचे मी पाहतो असे व्यापाऱ्याला सांगून आला.

त्याने कामात कसूर केली, असे मला म्हणता येत नाही. त्याने खांबांवर किती भार येईल ते काढले. फरशीखालचे काँक्रीट किती जाड असावे ते पाहिले. बंगल्याचा मंजूर नकाशा मागवून घेतला. नकाशात पार्किंगखाली भरीव जमीन होती आणि पाण्याची टाकी मागच्या अंगणात. सगळे बरोबर जुळत होते. त्याने सही केली. स्वतःच्या नावाची ती त्याची पहिली सही होती आणि घरी त्या दिवशी गोड झाले.

दिवाळी सरली, थंडी पडली. एका शनिवारी सकाळी निवृत्तीने दोन्ही गाड्यांना नवे लिंबू-मिरची बांधले, वरची गाडी वर चढवली आणि खालच्या गाडीचे टायर पुसायला तो बसला. मागचा एक खांब फरशीसकट खचला. फलाट कलला आणि गाडी घसरून खाली आली. माळी धावला, शेजारी धावले, पण हातांनी उचलण्यासारखे ते ओझे नव्हते. क्रेन येईपर्यंत निवृत्ती गेला होता.

खचलेल्या फरशीखाली पाणी होते. घर बांधताना कुणीतरी सांगितले होते की पाणी ईशान्येला हवे. म्हणून मागच्या अंगणातली टाकी पुढे आली, नेमकी पार्किंगच्या कोपऱ्याखाली, आणि नकाशा बदलून घ्यायचे राहून गेले. वर सगळीकडे एकसारखी फरशी बसली. टाकीचे झाकण फाटकाजवळच्या कुंड्यांमागे होते. एक गाडी त्या कोपऱ्यावर उभी राहायची तोवर वरच्या स्लॅबने सोसले. बोल्टांसाठी भोके पडली आणि खालच्या गाडीच्या जोडीला वरच्या गाडीचा भार खांबाच्या पायाशी एकवटला, तेव्हा सोसवले नाही. टाकी कुठे आहे हे त्या घरात गुपित नव्हते. व्यापाऱ्याची पत्नी दर उन्हाळ्यात उभी राहून ती साफ करून घेत असे. आणि व्यापारी? त्याने ती स्वतः बांधून घेतली होती आणि तो विसरला होता.

पुढचे सगळे होते तसेच झाले. विमा कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला. यंत्र बसवल्याचे कळवलेले नाही, परवानगी नाही, तेव्हा आमची जबाबदारी नाही, असे कंपनीने कळवले. घराचे नुकसान भरून मिळाले नाही, ते जाऊ द्या. पण निवृत्तीच्या बायकोला द्यायलाही त्या विम्यातून काही निघाले नाही. व्यापारी दुष्ट नव्हता. तो खरोखर खचला, आणि मग वकिलाने सांगितले तसा बोलेनासा झाला. शिष्याला पोलीस ठाण्यात बसवून ठेवले, त्याचा परवाना स्थगित झाला. सुटून आला तो थेट वृद्धांच्या घरी गेला आणि त्यांच्यासमोर खाली मान घालून बसला. त्याने एवढेच विचारले की तुम्हाला टाकीचे ठाऊक होते का.

“नव्हतं,” वृद्ध म्हणाले. “ठाऊक नव्हतं म्हणूनच विचारलं. आणि पूजेतच का विचारलं तेही ऐक. त्या घराविषयी ज्याला ज्याला काही माहीत होतं, ती सगळी माणसं त्या घटकेला एका जागी उभी होती. एरवी त्यांना कोण गोळा करतं? नकाशाला ठाऊक नसतं ते घरच्यांना ठाऊक असतं. पण आपल्याकडे घरच्या माणसाला अशुभ बोलायची चोरी. म्हणून तर बाहेरची दोन माणसं नेमलेली आहेत, एक परवानगी देणारा आणि एक विमा उतरवणारा. परक्या घरात जाऊन पडलं तर काय, जळलं तर काय, खाली कोण, हे विचारणं हेच त्यांचं काम. लोकांना वाटतं ते अडवायला येतात. अरे, ते आपल्या वाटचं अशुभ बोलायला येतात. त्या दोघांना व्यापाऱ्याने दाराबाहेर ठेवलं. तिसरा मी होतो.”

मग ते म्हणाले, “आणि मी रागावून उठून आलो. ती बाई बोलायला लागली होती, मी माझ्या कानांनी ऐकलं. उत्तर मिळेपर्यंत तिथं बसून राहायचं होतं मला. तुझी एक चूक झाली, माझी तुझ्याहून मोठी. आता ऊठ आणि निवृत्तीच्या घरी जाऊन ये.”

शिष्य गेला. दोन खोल्यांचे घर, भिंतीवर हार घातलेला फोटो, फोटोत निवृत्ती गाडीला टेकून उभा. त्याच्या बायकोने शिष्याला बसायला सतरंजी घातली, पाणी दिले आणि शांतपणे विचारले, “साहेब, तुम्ही तपासलं होतं ना?”

भार, काँक्रीट, नकाशा, सगळे उत्तर शिष्याने वाटेत मनाशी जुळवून ठेवले होते. “तपासलं होतं, ताई,” तो म्हणाला. “विचारलं नव्हतं.”

मग तिने सांगितले की पूजेच्या दिवशी निवृत्ती हसतच घरी आला होता. जेवताना सांगत होता, की एक म्हातारे साहेब आले होते, गाडी पडली तर खाली कोण असेल म्हणून विचारत होते. “म्हणाले, अगं, माझ्या अगदी ओठावर आलं होतं, मी, म्हणून. दुसरं कोण असणार खाली? पण शुभ दिवस होता, मालकांचा कार्यक्रम होता. गप्प बसलो.”

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. वृद्ध अभियंते आता नाहीत. शिष्याला परवाना परत मिळाला, आणि त्याचेही केस पिकले आहेत. दाखला देण्याआधी तो घरातल्या सगळ्यांना एका जागी बोलावतो, धुणेभांडीवालीला आणि ड्रायव्हरलासुद्धा, आणि तो एक प्रश्न विचारतो. लोक म्हणतात, शुभ बोला. तो काही न बोलता बसून राहतो, आणि कुणीतरी 'मी' म्हणेपर्यंत पेनाचे टोपण काढत नाही.