सीलबंद निळी

गाणी काळ्या तबकड्यांत राहायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. टिपणीसांच्या कपाटात रॉक संगीताच्या साठ रेकॉर्ड्स उभ्या असत. त्यांतल्या निळ्या कव्हरच्या रेकॉर्डचं सील कधी फोडलंच नव्हतं. प्लॅस्टिकच्या आत निळी अर्धवट झोपेत असायची. कुठेतरी समुद्र गाजतोय असं तिला वाटायचं. तो बाहेर आहे की आपल्याच पोटात, हे काही उमगत नसे.

एका रविवारी टिपणीसांचे मित्र जमले. जुन्यांपैकी कोणती रेकॉर्ड कंपनीकडून उत्तम आवाजात पुन्हा छापून घ्यावी, यावर वाद पेटला. तो कपाटातही शिरला.

"मलाच छापायला हवं," वाजून वाजून झिजलेली रेकॉर्ड, झिजकी, म्हणाली. "माझ्या तिसऱ्या गाण्यात सुई अडकते, तरी मालक रोज मलाच लावतात. तुझ्यात काय आहे गं, निळे?"

"सुई टेकली की सांगेन," निळी पुटपुटली.

बाहेर सगळ्यांनी निळीलाच कौल दिला. "इतकी दुर्मीळ दुसरी नाही!"

"पण ही ऐकलीय कोणी?" एकाने विचारलं.

"ऐकायला सील फोडावं लागेल, शहाण्या!"

निळी मोहरली. आपली नवी प्रत वाजली, की आपलंही गाणं कळेल!

काही महिन्यांनी नवी आली. टिपणीसांनी ती डोळे भरून पाहिली, सीलसकट निळीशेजारी ठेवली आणि झिजकीला काढून लावलं.

गाणं अडखळत सुरू झालं. नवी हळूच बिलगली. "ताई, आपल्यात कुठलं गाणं आहे गं?"

निळी म्हणाली, "मी तुलाच विचारणार होते."