दुप्पट अंतरावरून

डेंटल कॉलेजात नव्यानं आलेल्या डॉ. निगुडकरांनी फर्मान काढलं, की एक्स-रेची नळी गालापासून दुप्पट लांब धरायची. बाकी सेटिंगला हात लावायचा नाही. लांबून किरण विरळ पोचले आणि सगळ्या दातांचे फोटो फिकट आले. सरांनी भर वर्गात एक्स-रे काढणाऱ्या पेडणेकरबाईंना मेमो दिला.

"मशीन बिघडवलंत तुम्ही!"

बाई शांतपणे मागच्या दारापर्यंत चालत गेल्या. "काय म्हणालात, सर?"

"मशीन बिघडवलंत!" सर गरजले.

"आत्ता ऐकू आलं. मी लांब गेले, तर तुम्ही आवाज वाढवलात. मग नळी लांब नेल्यावर किरणांचा वेळ का नाही वाढवू दिलात?"

वर्ग खिदळला. सर खाली बघत पुटपुटले, "किती वाढवायचा?"

दारातून बाई म्हणाल्या, "सर, जरा मोठ्यानं!"