साळिंदराच्या आईचे डोळे

माणसानं कागद पाहिलाही नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका साळिंदराला चेहरे काढायचा नाद लागला. स्वतःचाच गळालेला काटा ओल्या गेरूत बुडवून तो बिळासमोरच्या खडकावर म्हाताऱ्या आईचं चित्र काढायचा. वर्षभर ती बिचारी रोज त्याच्यासमोर बसत होती. नाक जमलं, कान जमले. डोळे मात्र काही केल्या जमेनात.

“तुझ्या चित्रातली आई कुठेच बघत नाही,” शेजारची टिटवी रोज म्हणायची. “डोळे नुसते उघडे आहेत.”

साळिंदर चित्रातले डोळे पुसायचा, पुन्हा काढायचा. ते तसेच यायचे. मग तो आईवरच चिडायचा. “आई, जरा माझ्याकडे बघ ना.”

“बघतेय रे,” आई म्हणायची आणि आवाजाच्या दिशेनं मान वळवायची.

शेवटी कंटाळून त्यानं आईकडे न बघताच टिटवीसारखे चमकदार डोळे चित्रात बसवले. टिटवी खूश झाली. “आता कशी जिवंत वाटते.”

साळिंदरानं आईला हाक मारली. “ये, बघ तरी कशी दिसतेस.”

आई उठली, खडकाजवळ आली आणि पंजानं दगड चाचपू लागली. “छान जमलंय हो,” ती म्हणाली.

चित्र खडकाच्या दुसऱ्या बाजूला होतं.

साळिंदरानं आईच्या डोळ्यांत पाहिलं. मग त्यानं ते चमकदार डोळे पुसले आणि आधीचेच पुन्हा काढले.

“बिघडवलंस की सगळं,” टिटवी म्हणाली.

साळिंदर तेव्हा आईचा पंजा धरून तिला बिळाकडे नेत होता.