कमळाची आठवी पाकळी

टक्!

सकाळच्या शांततेत सागवानी साचा केळीच्या पानावर आपटला, आणि सगुणाने श्वास रोखून तो अलगद उचलला. काय सुरेख कमळ उतरलं होतं! लोण्याच्या आठ पाकळ्या, आठही टोकदार. साचा रात्रभर गार पाण्यात भिजलेला, म्हणून कणभर लोणी त्याला चिकटलं नव्हतं. मात्र साच्याला तडा होता. त्याची बारीक रेघ नेहमीप्रमाणे कमळाच्या मध्यापासून एका पाकळीच्या टोकापर्यंत उठली होती.

त्या काळी मुक्तगिरी महाराज कुसुंबशेत गावी बाळकृष्णाच्या मठात राहत असत. गोकुळाष्टमीला घरोघरच्या बायका साच्यातून लोण्याची कमळं, मोर, गायी काढून आणत आणि महाराज लहान मुलासारखे हरखून एकेक बघत. सगुणाची एकुलती गाय मरता मरता वाचली होती. पहिलं लोणी देवाचं, असा नवस ती बोलली होती. होतं नव्हतं ते सगळं या एका कमळात गेलं होतं.

"बयो, माशी बसू देऊ नकोस हं," असं पाच वर्षांच्या लेकीला बजावून ती विहिरीवर गेली. परत येऊन बघते, तर रेघेची ती पाकळीच नाही! आणि बयोच्या बोटाला लोणी.

"मी नाही खाल्लं, आई! पान सरकलं होतं, ते मी झाकलं."

सगुणाचा हात उठला तो उठलाच.

मठात भागीरथीबाई इनामदारीण चांदीच्या साच्यातला मोर घेऊन पुढेच बसल्या होत्या. त्यांनी सगुणाचं पान उचलून पाहिलं.

"अगंबाई! एरवी नुसता चरा असतो, यंदा पाकळीच गायब? लेकीने चाखून पाहिलेलं दिसतंय, देवाला आवडेल की नाही ते! उष्टं आणलंस होय गं?"

बायका पदराआड हसल्या. बयो आईच्या निऱ्यांत शिरली. सगुणा खाली मान घालून म्हणाली, "महाराज, लेकरू आहे. नैवेद्य नसला घ्यायचा तर नका घेऊ, पण तिला चोर नका म्हणू."

महाराजांचं लक्ष कमळाकडे नव्हतंच. ते बयोच्या गालावर उमटलेली बोटं बघत होते.

"बाळे, तू खाल्लंस?"

"नाही."

"नाही ना? मग नाहीच." महाराज वळले. "भागीरथीबाई, गाभारा उघडा. कालच्या शेजारतीपासून किल्ली तुमच्याच कमरेला आहे."

इनामदारीणबाईंनी ठसक्यात कुलूप काढलं, दार लोटलं आणि उंबऱ्यातच खिळल्या.

रांगत्या बाळकृष्णाच्या उचललेल्या हातात लोण्याची पाकळी होती! तिचं टोक जरासं चाखलेलं, आणि वरून एक बारीक रेघ. ज्या चऱ्याला त्या वर्षानुवर्षं हिणवत आल्या, तो त्यांना ओळखू येणार नाही तर कुणाला? त्यांनी सगुणाचं पान जवळ नेलं. कमळावरची रेघ जिथे तुटली होती, तिथूनच पाकळीवरची सुरू होत होती.

"महाराज!" त्या पायांवर कोसळल्या. "माझा मोर..."

"मोर सुंदरच आहे, बाई. पण बाळकृष्णाला आज भूक लवकर लागली आणि सगुणाचं घर जवळचं वाटलं. मला नका नमस्कार करू. ती बघा, तिथे उभी आहे ती."

भागीरथीबाई उठल्या, आणि सगळ्या गावादेखत त्यांनी सगुणाच्या पायांशी डोकं टेकवलं. "नको, नको, वहिनी," म्हणत सगुणाने त्यांना उठवलं. मठात जयजयकार झाला. सगुणाने डोळे पुसत बयोला उचलून छातीशी धरलं.

बयो देवाकडे बघत होती. मग तिने आपल्या गालावर हात ठेवला.

"आई, त्यानेच खाल्लं ना? मग तू मला का मारलंस?"