काचेखालचा कांदा

एक गाव होतं. त्या गावात सगळ्यांचे बियाण्याचे कांदे एकाच कांदाचाळीत ठेवायची रीत होती. एकाचा सडला की सगळ्यांचा सडायचा. म्हणून ज्याच्या कांद्याला रोग, त्याचा ढीग गावासमोर जाळायचा. त्यात दयामाया नाही.

एका साली ठकूबाईच्या कांद्यावर काजळी दिसली. ठकूबाई एकटी बाई. त्या ढिगावरच तिचं पुढचं पीक. लोक म्हणाले, "दाजीबा मास्तरांकडे चला. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक आहे."

मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचे. गावात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे, आणि हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं. त्यांनी कांद्याचा पातळ पापुद्रा सोलला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि वरची काच धपकन दाबली. माणसं खोळंबली होती ना! डोळा लावला. जाड काळ्या काठाचे गोल गोल दिसले.

"बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिची अंडीच," मास्तर म्हणाले. "जाळा."

"गुर्जी, नीट बघा की वो," ठकूबाई म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? जाळा म्हटलं ना!"

लोक रॉकेल आणायला गेले. मास्तर जेवायला बसले. आपल्या घरचा अर्धा कांदा भाकरीबरोबर खाल्ला, उरलेल्याचा पापुद्रा सहज काचेखाली धरला. तेच काळे गोल! रोग तर पोटात गेला! घाबरून त्यांनी नुसत्या पाण्याचा थेंब ठेवला, काच दाबली. तिथंही तेच. आता पाण्यात कसली अंडी? काचेखाली अडकलेली हवा होती ती. घाईनं काच टाकली की बुडबुडे राहतात. हे मास्तर दर साली पोरांना घसा फोडून सांगत होते.

मास्तर विचार करू लागले. गप्प बसलं तर कोणाला कळणार? कांदे जळाले की विषय संपला. आणि बोललं, तर उद्या पोरं पाठीमागून 'बुडबुडे मास्तर' म्हणणार. पण शेवटी उष्ट्या हातानंच ते चाळीकडे धावले. काडी ओढायचीच बाकी होती.

"थांबा! माझं चुकलं. ती अंडी नव्हती, हवा होती!"

सूक्ष्मदर्शक तिथंच आणवला. या खेपेला काच एका कडेनं टेकवून हळूहळू सोडली. आयोडीनचा थेंब दिला. पहिला मान ठकूबाईला.

"विटा रचल्यासारखे खण दिसतात? एकेक खण म्हणजे एकेक पेशी. भोवती भिंत, आत रस. तो पिवळा ठिपका म्हणजे केंद्रक, त्या घराचा कारभारी. सगळं काम त्याच्या हुकमानं चालतं. सडलेल्या कांद्यात भिंती ढासळतात. तुझ्या सगळ्या उभ्या आहेत. काजळी नुसती वरच्या सालीला आहे."

ठकूबाईनं पोटभर बघून घेतलं. मग म्हणाली, "घरं तर झकास हायेत. आजवर कांद्यानं लई रडवलं गुर्जी, पर गुर्जीनं रडवलं ते आजच."

सगळे हसले. मास्तरही हसले, जरा उशिरानं. ठकूबाईचे कांदे साल झटकून परत चाळीत गेले. पोरांनी 'बुडबुडे मास्तर' म्हणायचं ते म्हटलंच. मास्तर वळूनही बघत नसत.

तात्पर्य: दिसलं म्हणजे कळलं असं नाही. दुसऱ्याचा ढीग जाळायला सांगण्याआधी आपली काच नीट बसली आहे का ते बघावं. आणि चुकलंच, तर काडी ओढली जाण्याआधी चारचौघांत ओरडून सांगावं.